बहिणाबाईंची गाणी : संगीतपरंपरा

खानदेशातील जात्यावरच्या ओवीतून चित्रपटगीत व भावगीतापर्यंत आलेली गीतपरंपरा. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचा जन्म जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताकांडताना, शेतात राबताना त्या गाणी रचून म्हणत. पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ती टिपून ठेवली. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने व प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहात शब्द आले, स्वरलेखन नाही. त्यामुळे पुढच्या संगीतकारांनी चाली आपापल्या परीने बांधल्या.

रचनाविशेष : आठ अक्षरांचे चार चरण आणि दुसऱ्या-चौथ्या चरणांत यमक, असा अनेक गाण्यांचा साचा आहे. जात्याच्या फेऱ्यांशी तो सहज जुळतो. भाषा लेवा बोली. तीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, ‘केळी’ची ‘केयी’ होते. गायकाने प्रमाण उच्चार केला तर अक्षरे तेवढीच राहतात, पण गाण्याचा नाद बदलतो.

संगीतकार : वसंत पवार यांनी ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटासाठी काही गाणी स्वरबद्ध केली, त्यांतली संसारावरची आणि सुगरणीच्या खोप्यावरची गाणी सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात घरोघरी पोहोचली. यशवंत देव यांनी बांधलेल्या चाली उत्तरा केळकर यांनी गायिल्या. दोन्ही संगीतकारांनी चाल साधी आणि शब्द ठळक ठेवले.

संबंधित लोकसंगीत : धुळे परिसरात अहिराणी गीतांचे प्राबल्य आहे. श्रावणात कानबाईची, अक्षय्य तृतीयेला म्हणजे आखाजीला झोक्यावरची, तर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी होतात. यांचे कर्ते अनामिक असून चाली मुखपरंपरेने टिकल्या आहेत.

तुलना : बहिणाबाईंच्या संग्रहात फक्त शब्द आले; याउलट हंगेरीत बेला बार्टोक व झोल्टान कोडाय यांनी खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांचे स्वरलेखन केले आणि १९०६ मध्ये वीस लोकगीते पियानोच्या साथीसह प्रसिद्ध केली. या संग्रहकार्याच्या पायावर तिथले पुढचे संगीतकार उभे राहिले.

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. खानदेशी स्त्रीगीतांच्या चालींचे पद्धतशीर स्वरलेखन हेच त्या नावाला साजेसे काम ठरेल.