टँकरच्या पाण्याला मान्यता कोण देतो?

वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत कामण रोड मागे पडले की पुढचे स्थानक खारबाव. भिवंडी तालुक्यातले हे खाडीकाठचे गाव. ‘बाव’ म्हणजे विहीर, आणि तिच्यामागे ‘खार’ लागलेला. असे नाव वाचले की किनाऱ्यालगतच्या कोणालाही मचूळ पाणीच आठवेल. खाडीजवळच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते थोडे हलके असते. दोघांच्या घनतेत फरक फक्त अडीच टक्क्यांचा. त्यामुळे हिशेब असा निघतो, की उपशाने गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली, तर खाली दडलेले खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकू शकते. अशा ठिकाणी विहीर खोल करून भागत नाही. पाणी दुसरीकडून आणावे लागते.

काही वर्षांपूर्वी आम्ही या परिसरातल्या एका गोदामावर गेलो होतो. गोदामाला लागून पॅकिंगचे काम चाले. थोडीफार यंत्रे होती आणि चाळीस-पन्नास माणसे. प्यायचे पाणी टँकरने येई आणि विटांच्या ओट्यावरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत पडे. टाकीला एक नळ, नळाखाली साखळीने बांधलेला एक पेला. पाण्याबद्दल विचारताच मुकादमाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. “पाणी पास आहे, साहेब.” कागद खरा होता. पण तो ज्या विहिरीवर टँकर भरत असे तिच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल होता, आणि तोही तीन महिन्यांपूर्वीचा. आमच्यापाशी पोटॅशियम आयोडाइड आणि तांदळाची खळ होती. टँकरच्या तोटीचे पाणी घेतले तर फिकट निळा रंग आला, म्हणजे क्लोरीन शिल्लक होता. टाकीच्या नळाचे पाणी मात्र पांढरेच राहिले.

तर मग ‘पास’ नेमके काय झाले होते? पाणी, की विहीर?

हा प्रश्न मुकादमाचा नाही, कायद्याचा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अठराव्या कलमाने प्रत्येक कारखान्यात पिण्याच्या पाण्याची सोय बंधनकारक केली. पाण्याच्या जागी बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असे लिहायचे. मुतारी, संडास, धुण्याची जागा यांपासून ती जागा आधी वीस फूट आणि पुढच्या दुरुस्तीनंतर सहा मीटर दूर हवी. अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गार करून द्यायचे. बाकीचा तपशील राज्यांच्या नियमांवर सोडला होता. महाराष्ट्राचे नियम १९६३ चे. या नियमांत एक वाक्य आहे आणि आमच्या मते सगळी गोम त्यातच आहे. पाणी सार्वजनिक पुरवठ्याच्या नळाचे असावे, नाहीतर आरोग्य अधिकाऱ्याने लेखी मान्यता दिलेल्या दुसऱ्या स्रोताचे असावे, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. मान्यता स्रोताला आहे. मधल्या प्रवासाला नाही.

असे वाक्य का लिहिले गेले ते समजण्यासाठी मागे जावे लागते.

१८५६ साली बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचे काम सुरू झाले. १८६१ च्या जानेवारीत या एका घाटावर ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. एवढी वस्ती, उघडे डोंगर, उन्हाळ्यात आटणारे झरे. कॉलरा आणि तापाच्या साथींनी तिथे हजारो मजूर गेले. मूळ कंत्राटदाराने काम सोडल्यावर १८५९ साली आलेला सॉलोमन ट्रेडवेल पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि काम त्याची पत्नी अॅलिस हिने पुढे नेले. १८६३ च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला. लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ सालीच एका पंपाचे पाणी आणि कॉलरा यांचा संबंध दाखवला होता, पण बहुतेक डॉक्टर तेव्हा दूषित हवेलाच दोष देत. पाणी आटले तर काम थांबते, एवढे कंत्राटदाराला कळत होते. पाण्याने माणूस मरतो हे मात्र त्याच्या हिशेबात नव्हते.

गिरणी कामगारांच्याही हिशेबात ते उशिराच आले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन जे मागणीपत्र तयार केले, त्यात रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळा, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई एवढ्या गोष्टी आहेत. पाण्याचा उल्लेख नाही. गंमत अशी, की त्याच वर्षी रॉबर्ट कॉख कोलकात्यात कॉलऱ्याचे जंतू शोधत होता आणि ते त्याला एका तलावाच्या पाण्यात सापडले. जंतूंचा सिद्धांत रुजला तसा अधिकाऱ्यांचा प्रश्न बदलला. ‘पाणी पुरेसे आहे का?’ याच्या जोडीला ‘पाणी कुठले आहे?’ हा प्रश्न आला. विहिरीला कठडा आहे का, शेजारी संडास आहे का, हे डोळ्यांनी पाहता येते, कागदावर उतरवता येते आणि त्यावर सही करता येते. स्रोताला मान्यता देण्याची रीत रुजली ती त्यामुळे, असे आम्हाला वाटते. ती चुकीची नव्हती. विहीर आणि रांजण यांच्यामध्ये पखाल किंवा कावड एवढेच अंतर होते तोवर ती बरीचशी पुरेशीही होती.

अंतर वाढले की काय करायचे, याचे उत्तर सैन्याने आधी शोधले. पलटण रोज नव्या गावी, रोज नवी विहीर, मान्यतेची वाट पाहायला सवड नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातला डॉक्टर विल्यम लिस्टर याने जाड कापडाच्या पिशवीत पाणी भरून त्यात ब्लीचिंग पावडर टाकण्याची पद्धत रूढ केली. ब्रिटिश सैन्यातल्या विल्यम हॉरॉक्स याची युक्ती याहून शास्त्रीय होती. त्याने एक छोटी पेटी बनवली. आजही आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ती शिकवली जाते, म्हणून जरा थांबून पाहू या.

पेटीत सहा पांढरे पेले, एक काळा पेला आणि सपाट भरल्यावर दोन ग्रॅम पावडर मावणारे चमचे असतात. काळ्या पेल्यात एक चमचा पावडरीचे द्रावण करायचे. पांढऱ्या पेल्यांत तपासायचे पाणी घ्यायचे. पहिल्यात द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत जायचे. अर्धा तास थांबायचे. मग प्रत्येकात आयोडाइड आणि पिष्ठाचे थेंब टाकायचे. पाण्यातल्या घाणीशी लढून जिथे क्लोरीन उरला असेल, तिथे आयोडीन सुटते आणि पाणी निळे होते. निळा झालेला पहिला पेला तिसरा असेल, तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर लागेल. ४५५ लिटर हा आकडा विचित्र वाटेल, पण तो म्हणजे १०० ब्रिटिश गॅलन. त्या काळच्या लष्करी पाणगाडीत साधारण एवढेच पाणी मावे. आपल्या १० हजार लिटरच्या टँकरला हाच हिशेब लावला तर सुमारे १३२ ग्रॅम पावडर येते. (मुलांना हे त्रैराशिक जरूर घालावे.)

या पेटीत विहिरीचे नावही विचारले जात नाही. ही खेप, हे पाणी, आज किती क्लोरीन खाते, एवढेच विचारले जाते. आणि अर्ध्या तासानंतर काही उरले पाहिजे, ही अटच मुळी पुढच्या प्रवासासाठी आहे. उरलेला क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर चालणारा राखणदार. भारतीय मानक १०५०० नुसार क्लोरीन घातलेल्या पिण्याच्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. आपल्या गावांत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी तपासणी करतो ती याचसाठी.

आता पुन्हा १९६३ च्या नियमांकडे वळू. ते वाईट नाहीत, उलट बारकाईने वाचले तर चकित व्हायला होते. नळाचे पाणी नसेल तर ते झाकणाच्या, तोटीच्या भांड्यात, सावलीत, ओट्यावर ठेवावे, सांडलेले पाणी वाहून जायची सोय असावी, भांडी स्वच्छ ठेवून पाणी रोज बदलावे, हे सगळे त्यांत आहे. उघड्या विहिरीचे पाणी असेल तर आठवड्यातून एकदा निर्जंतुक करून तारीख नोंदवावी, हेही आहे. निरीक्षक लेखी आदेशाने आरोग्य अधिकाऱ्याचा अहवाल मागवू शकतो. म्हणजे विहिरीच्या टोकाला सही आहे आणि रांजणाच्या टोकाला झाकण आहे. मधे जो टँकर आला, त्याची नळी, त्याचे झाकण, तो काल काय वाहत होता, हे कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आणि सगळी कामे कारखान्यात होत नाहीत. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. तिथे पिंपातले पाणी ओगराळ्याने पाजणारी बाई हीच सगळी पाणीयोजना. त्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीत कामावर पिण्याचे पाणी, सावली, पाळणाघर आणि प्रथमोपचार यांची तरतूद झाली आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यातही सुरक्षित पाणी आले. पाणी पाजण्याच्या कामाला मजुरी मिळू लागली, हा मोठाच फरक. पण त्या बाईच्या हाती पाणी तपासायचे साधन काही आले नाही.

अमेरिकेत १९७४ च्या पेयजल कायद्याने प्रश्नच वेगळा मांडला. वर्षातून किमान साठ दिवस पंचवीस माणसांना पाणी पुरवणारी कोणतीही व्यवस्था ही ‘सार्वजनिक पाणीपुरवठा’ ठरली. पुढे त्यात कारखान्यांसाठी आणि शाळांसाठी वेगळा वर्गही झाला, तीच ती माणसे सहा महिन्यांहून अधिक काळ पाणी पीत असतील तर. यामुळे मालक हा पाण्याचा गिऱ्हाईक न राहता पुरवठादार होतो आणि नमुना त्याला आपल्या नळाचा द्यावा लागतो. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही, छोट्या योजना तिथेही रखडतात. पण कागदावर नाव कोणाचे, हे ठरलेले असते.

आपल्याकडे १९४८ चा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. पिण्याच्या पाण्याची जबाबदारी तिच्यातही मालकावरच आहे. साधनांची तर अडचण उरलेलीच नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली हायड्रोजन सल्फाइडवर आधारलेली कागदी पट्टीची चाचणी प्रसिद्ध केली. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर बाटलीतले पाणी साधारण एका दिवसात काळे पडते. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

मुंबईला जाणाऱ्या पाण्याचा काही भाग याच भिवंडी तालुक्यात, पांजरापूरला शुद्ध होतो. खारबाव हे महानगर प्रदेशाच्या आराखड्यातले नियोजित विकासकेंद्र आहे. नळ येईल तेव्हा येईल. त्या दिवशी आम्ही मुकादमाला खळीची बाटली आणि आयोडाइडची पुडी देऊन आलो. त्याने ती अहवालाच्या कागदाबरोबर खिशात ठेवली आणि विचारले, “निळे नाही झाले तर कळवायचे कोणाला?” टँकरवाल्याला, मालकाला, निरीक्षकाला की आरोग्य अधिकाऱ्याला, यावर आमच्या तिघांत स्टेशनापर्यंत वाद चालला होता.