एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा

१/ बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हा आकाशातून आलेल्या पाषाणाचा पुरावा आहे. अशनीच्या आघाताने बेसॉल्ट खडकात घडलेला हा खळगा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आहे. पण आकाशातून जीवही येत असेल का? या प्रश्नाचा माग भारतीय वैज्ञानिकांनी एका बलूनच्या साहाय्याने काढला. त्याचा हा इतिहास.

२/ पृथ्वीवरील जीवसृष्टीचे बीज अंतराळातून आले असावे, असे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे मत होते. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी ते तपासण्याचे ठरवले. पुण्याच्या ‘आयुका’चे नारळीकर या प्रयोगाचे मुख्य संशोधक होते, इस्रोची त्याला साथ होती.

३/ बलून मात्र हैदराबादचे. होमी भाभांनी विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी भारतात बलून-प्रयोगांची परंपरा रुजवली. त्यातूनच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र १९६९मध्ये हैदराबादेत स्थिरावले.

४/ २० एप्रिल २००५. २ कोटी ६७ लाख घनफूट क्षमतेचे बलून ४५९ किलो वजनाची उपकरणे घेऊन वर गेले. त्यात पोलादाच्या १६ निर्जंतुक, निर्वात नळ्या ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. नळीचे तोंड उघडताच आत शिरणारी हवा त्या कडाक्याच्या थंडीने गोठत असे, आणि म्हणून आणखी हवा आपोआप आत खेचली जाई. असे नमुने २० ते ४१ किलोमीटर उंचीवर घेतले गेले.

५/ खरी कसोटी त्यानंतरची. असे बलून वाऱ्याच्या मर्जीने वाहते. रेडिओ संदेशांवरून त्याचा ठावठिकाणा राखावा लागतो आणि उपकरणे पॅराशूटने खाली आली की शोधून काढावी लागतात. ती हरवली, किंवा कुतूहलाने कोणी नळी उघडली, तर जमिनीवरचेच जंतू आत शिरून सारा पुरावा निरर्थक ठरला असता. म्हणूनच हैदराबादचे केंद्र उड्डाणांपूर्वी नागरिकांना आवाहन करते : पॅराशूटने उतरलेल्या पेटीला हात लावू नका, पोलिसांना कळवा.

६/ नळ्या सुखरूप हाती आल्या. हैदराबादचे सीसीएमबी आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांनी स्वतंत्रपणे तपासणी केली. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी, हा हेतू. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती आढळल्या. नऊ जिवाणू पृथ्वीवरील ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळले. तीन मात्र सर्वस्वी नव्या जातींचे निघाले.

७/ २००९मध्ये त्यांची नावे जाहीर झाली : हॉइल यांच्या स्मरणार्थ ‘जॅनिबॅक्टर हॉइली’, इस्रोच्या नावाने ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ आणि आर्यभटांच्या नावाने ‘बॅसिलस आर्यभट’. जवळच्या भाऊबंदांपेक्षा हे तिन्ही अतिनील किरणांना अधिक दाद न देणारे होते.

८/ मग जीव अंतराळातून आला, हे सिद्ध झाले का? नाही. जमिनीवरचे जंतूच तितक्या उंचीवर पोहोचले असण्याची शक्यता उरतेच, आणि इस्रोनेही या प्रयोगातून निर्णायक सिद्धता होत नसल्याचे स्पष्ट सांगितले. हॉइल यांच्या शिष्याने गुरूच्या मतासाठी प्रयोग उभारला. पण निष्कर्ष पुराव्याच्या पुढे एक पाऊलही गेला नाही. इतिहासाच्या अभ्यासकानेही नोंद घ्यावी, अशी ही शिस्त आहे.