अजिंक्य, तरी अप्रिय

आमच्या बिदर-कलबुर्गीकडील जत्रांत पालखी देवळात परतली, की लोकांची पावले कुस्त्यांच्या फडाकडे वळतात. हलगी कडाडू लागते. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून आरंभ होतो आणि दिवस कलताना शेवटची मोठी जोड लागते. भोवतालच्या समुदायात कोणी कानडी बोलतो, कोणी मराठी, कोणी दखनी; पण मल्ल चीत झाला म्हणजे उठणारी आरोळी सर्वांची एकच असते. अशा फडांत एक गोष्ट आम्ही वारंवार पाहिली आहे. जो मल्ल कधी हरत नाही, त्याच्यासाठी फेटे उडतात ते पहिली दोन-तीन वर्षे. पुढे तो मातीत उतरला की लोक समोरच्या नवख्या पोराला चेतवू लागतात. त्याने लबाडी केलेली नसते. तो जिंकतो, एवढाच त्याचा अपराध. आमचा व्यवसाय वकिलीचा. आरोप सिद्ध होण्यापूर्वीच शिक्षा झालेली पाहिली, की आम्हांस अस्वस्थ वाटते. म्हणून या लोकनिवाड्याची थोडी उलटतपासणी करण्याचे योजिले आहे. मुष्टियुद्धाच्या इतिहासात तिला पुरावा विपुल सापडतो.

पहिला खुलासा असा केला जातो, की निकाल आधीच ठाऊक असला म्हणजे कुतूहल मरते. हे खरे, परंतु पुरेसे नव्हे. अमेरिकेचा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जो लुई १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता होता व त्याने आपले पद २५ वेळा राखले. तरी लोक त्याला विटले नाहीत. १९३८ साली त्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत, अवघ्या १२४ सेकंदांत लोळविले, तेव्हा गोऱ्या अमेरिकेनेही त्याला आपला म्हटले. अर्थात केवळ वर्चस्व हे नावडीचे कारण नव्हे.

लुईच्या पूर्वीच्या जॅक जॉन्सनचे प्रकरण पाहावे. तोही कृष्णवर्णीय. १९०८ साली सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून तो जगज्जेता झाला. गोऱ्या समाजास हे साहवेना. निवृत्त झालेल्या जेफ्रीजला पुन्हा रिंगणात आणण्यात आले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जॉन्सनने त्यालाही पंधराव्या फेरीत निष्प्रभ केले. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे मेली; मरणाऱ्यांत कृष्णवर्णीयच अधिक होते. जॉन्सन हसतमुख, उर्मट आणि मिजासखोर होता हे खरे; पण लोकांस त्याची मिजास खुपली की त्याचा वर्ण? १९१३ साली केवळ गोऱ्या पंचांच्या ज्यूरीने त्याला एका वेगळ्याच कायद्याखाली दोषी ठरविले. तो देश सोडून गेला, १९१५ साली हवाना येथे हरला, १९२० साली परतून त्याने तुरुंगवासही भोगला. त्याला राष्ट्राध्यक्षांची क्षमा मिळाली ती २०१८ साली, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी!

योगायोग असा, की त्याच १९१० सालच्या सप्टेंबरात आपला गामा लंडनमध्ये झिबिस्कोसमोर उभा होता. तो पोलंडचा मल्ल अडीच तासांहून अधिक काळ जमिनीला चिकटून राहिला आणि पुढच्या ठरलेल्या कुस्तीस आलाच नाही. जॉन्सनप्रमाणे गामाही गोऱ्या मल्लांना भारी पडणारा. परंतु येथे त्याचा जयजयकार झाला. जेत्याचे कर्तृत्व तेच, फरक पडला तो पाहणाऱ्यांत. पुढे १९२८ साली पतियाळा येथे गामाने त्याच झिबिस्कोला मिनिटभराच्या आत चीत केले.

तिसरे प्रकरण आम्हां वकिलांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. जीन टनी पहिल्या महायुद्धात सैन्यात होता, वाचनाचा शौकीन होता. त्याचा प्रतिस्पर्धी जॅक डेम्प्सी याच्यावर लष्करभरती चुकविल्याचा खटला १९२० साली झाला होता. तो निर्दोष सुटला, तरी जगज्जेता असताना लोक त्याची हुर्यो करीत. १९२६ साली टनीने त्याला हरविले आणि चमत्कार घडला: पराभूत डेम्प्सी लोकांचा लाडका झाला! १९२७ साली शिकागो येथे दोघे पुन्हा भिडले. सातव्या फेरीत टनी कोसळला. प्रतिस्पर्धी पडल्यावर उभ्या योद्ध्याने दूरच्या कोपऱ्यात जावे, मगच पंचाने अंक मोजावेत, असा नियम होता. डेम्प्सी तेथेच घुटमळला. मोजणी उशिरा सुरू झाली. ‘नऊ’ म्हणताच टनी उठला, पण तोवर सुमारे १४ सेकंद लोटले होते. शेवटी गुणांवर तोच जिंकला. आठव्या फेरीत डेम्प्सी पडला तेव्हा मोजणी तत्काळ सुरू झाली, असा आक्षेपही घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण नियम मोडला तो डेम्प्सीने आणि जन्मभर संशयाचे ओझे वाहिले ते टनीने. १९२८ साली तो जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. येल विद्यापीठात त्याने शेक्सपियरवर व्याख्यान दिले, याचेही लोकांना कौतुकाऐवजी हसूच आले.

आपल्या वाचकांस येथे शल्यपर्व आठवेल. भीमाने नियम मोडून दुर्योधनाची मांडी फोडली. बलराम नांगर उगारून धावला. आणि पडलेल्या दुर्योधनावर आकाशातून पुष्पवृष्टी झाली. व्यासांनी धर्माचा पक्ष सोडला नाही. परंतु पडलेल्याविषयी मन कसे द्रवते, तेही झाकून ठेवले नाही. तेथे नियम जेत्याने मोडला होता, म्हणून ती फुले शोभली. शिकागोत मात्र ती फुले आणि न्याय यांची फारकत झाली.

तेव्हा जेत्याविषयीची नावड अनेक झऱ्यांतून येते. पडणाऱ्याची कणव हा त्यांतला एक. तो मनुष्यस्वभाव आहे, त्याला दोष देववत नाही. दुसरा कंटाळ्याचा, तो क्षम्य आहे. तिसरा ‘हा आपल्यातला नव्हे’ या भावनेचा. रीनोच्या रात्री तोच वाहिला. आमच्या सीमाभागात फड सर्वांचा असतो. कोणत्या वर्षी कोणत्या भाषेचा मल्ल शेवटची जोड जिंकेल याचा नेम नसतो. म्हणून ही तपासणी आम्हांस स्वतःचीच करावी लागते. पुढच्या जत्रेत तो न हरणारा मल्ल मातीला हात लावून कपाळी नेईल, तेव्हा आपण नवख्या पोराला खुशाल चेतवावे. तेही खेळाचे अंगच आहे. परंतु पंचांनी त्याचा हात वर केला, की त्याचे गाव व त्याची बोली न विचारता पहिली टाळी आपली पडावी.