दुकानामागची शाळा

साउथ कॅरोलायना राज्याचा मतदार-नोंदणीचा कायदा वरवर पाहता निरुपद्रवी होता. ज्याला मत द्यावयाचे असेल त्याने राज्याच्या घटनेतील कोणतेही कलम वाचून व लिहून दाखवावे, अथवा ३०० डॉलर आकारणीची मालमत्ता आपल्या नावे असल्याचे सिद्ध करावे, एवढीच त्याची मागणी होती. कोणाच्या कातडीच्या रंगाचा त्यात उच्चारही नव्हता. परंतु ज्यांच्या पणजोबांना अक्षर शिकविणे याच राज्यात एके काळी दंडनीय अपराध होता, त्यांच्यापुढे घटनेचे नेमके कोणते कलम ठेवावे आणि त्यांचे वाचन पसंत करावे की नापसंत, याची मुखत्यारी नोंदणी-कचेरीतील गोऱ्या अंमलदाराच्या हाती होती. दोरखंड आणि जाळपोळ यांच्या बळावर चालणारा वर्णद्वेष जगाच्या डोळ्यांवर येतो. दप्तरात, शाईने, शिरस्त्याप्रमाणे चालणारा वर्णद्वेष मात्र आपण कायद्याचे पालन करीत आहोत अशा शांत समाधानात पिढ्यान्‌पिढ्या नांदू शकतो, आणि म्हणूनच तो उखडण्यासाठी ज्यांनी दप्तराचीच विद्या हस्तगत केली, त्या जॉन्स आयलंडवरील माणसांचा वृत्तांत मला विशेष मननीय वाटतो.

चार्ल्स्टन शहराच्या नैर्ऋत्येस असलेले हे बेट दलदलीचे. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज तेथे शेती करीत, गल्ला नावाची स्वतःची मिश्र बोली बोलत. १९१६ साली सेप्टिमा पॉइन्सेट ही अठरा वर्षांची तरुणी तेथे शिक्षिका होऊन आली, याचे कारण असे की चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत त्या काळी कृष्णवर्णीय शिक्षकांना नेमणूकच मिळत नसे. तिच्या शाळेत १३२ मुलांमागे दोन शिक्षिका होत्या. रस्त्यापलीकडच्या गोऱ्यांच्या शाळेत मुले तीन होती. हीच तरुणी पुढे विवाहानंतर सेप्टिमा क्लार्क या नावाने ओळखली गेली. १९५६ साली राज्याने असा कायदा केला की कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेचे सभासदत्व सरकारी वा नगरपालिकेच्या नोकराने ठेवू नये. क्लार्कबाईंनी सभासदत्व लपविले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली आणि निवृत्तिवेतनही बुडाले. (ते परत मंजूर व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले.)

दरम्यान बेटावर ईसॉ जेंकिन्स नावाचा एक उद्योगी गृहस्थ स्वतःच्या बसमधून मजुरांना आणि विद्यार्थ्यांना शहरात नेत-आणत असे. अॅलिस वाइन या प्रवासी बाईंनी त्याला विनविले की आपल्याला मतदार व्हायचे आहे, तेव्हा घटनेतील कलमे वाचायला शिकवा. आणि जेंकिन्स त्या प्रवासातच उतारूंना कलमे म्हणवून घेऊ लागला. त्याने ही गरज १९५४ साली टेनेसीच्या डोंगरातील हायलँडर लोकशाळेत नेली. १९३२ साली माइल्स हॉर्टन व डॉन वेस्ट यांनी स्थापिलेल्या या शाळेत काळे-गोरे एका पंक्तीस बसत, जी गोष्ट दक्षिणेत बेकायदेशीर समजली जाई. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात येथेच येऊन गेल्या, आणि डिसेंबरात माँटगमरीच्या बसमधील आपली जागा त्यांनी सोडली नाही. बडतर्फ झालेल्या क्लार्कबाईंना हॉर्टनने येथेच कामावर घेतले.

बेटावर प्रौढशिक्षणाचे सरकारी वर्ग पूर्वी काढून झाले होते. त्यात बारक्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची नामुष्की वयस्कांना सोसवली नाही आणि वर्ग ओस पडले. म्हणून हायलँडरकडून कर्जाऊ रक्कम घेऊन एक जुने शाळागृह खरेदी करण्यात आले. पुढच्या खोलीत सहकारी किराणा दुकान थाटले, आणि मागच्या खोलीत, गोऱ्यांच्या नजरेआड, ७ जानेवारी १९५७ रोजी १४ प्रौढांचा पहिला वर्ग भरला. शेतीची कामे मंदावतात त्या थंडीच्या दिवसांत, आठवड्यातून दोन रात्री. रात्रशाळेची ही युक्ती मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-मजुरांसाठी ती योजिली होती, आणि याच जोतीरावांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली होती.

या वर्गासाठी शिक्षकाची केलेली निवड मला साऱ्या योजनेचे मर्म वाटते. क्लार्कबाईंची नातलग बर्नीस रॉबिन्सन ही केशरचना व शिवणकाम करणारी स्त्री होती. अध्यापनाची सनद तिच्यापाशी नव्हती, आणि नेमक्या त्यामुळेच ती हवी होती, कारण सनदी शिक्षकाची मास्तरकी प्रौढांना दुरावते, शिवाय त्याची भाकरी सरकारच्या हाती असते. रॉबिन्सनची सारी गिऱ्हाइके कृष्णवर्णीय असल्यामुळे तिला उपासमारीची धमकी देऊ शकेल असा गोरा धनी कोणी नव्हता. तिने पाठ्यपुस्तक आणले नाही. तुम्हांला काय शिकायचे आहे, असे विचारले. कोणाला पोस्टाने पैसे पाठविण्याचा नमुना भरायचा होता, कोणाला परगावी गेलेल्या मुलाचे पत्र वाचायचे होते, आणि सर्वांना मतदार-नोंदणीचा अर्ज. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत काढलेले स्वतःचे नाव पेन्सिलीने पुनःपुन्हा गिरवीत, ते वळण हाताच्या स्नायूंत मुरले की माणूस कागदावर सही करी, आणि पिढीजात फुलीची सद्दी तेवढ्यापुरती संपे. भिंतीवर मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा लावला होता; सत्राच्या अखेरीस तो वाचता आला पाहिजे, एवढे कठीण ध्येय तिने नवशिक्यांपुढे ठेवले.

वॉडमालॉ, एडिस्टो अशा शेजारच्या बेटांनी हीच रीत उचलली. ३१ जुलै १९५९ रोजी टेनेसीच्या पोलिसांनी हायलँडरवर छापा घालून मद्य बाळगल्याच्या आरोपावरून क्लार्कबाईंना, ज्या मद्याला शिवत नसत, अटक केली. पुढे संस्थेची सनद रद्द होऊन मालमत्ता जप्त झाली. तोपर्यंत शाळांचे काम, १९६१ साली, नागरी हक्क चळवळीचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एस.सी.एल.सी. संस्थेकडे सोपविले गेले होते. जॉर्जियातील डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग गावोगावच्या स्त्री-पुरुषांना शिक्षक म्हणून तयार करू लागले. या शिक्षणाची किंमत हलकी नव्हती. जून १९६३ मध्ये चार्ल्स्टनच्या अशाच एका वर्गाहून परतणाऱ्या फॅनी लू हेमर आणि त्यांच्या सोबतिणींना मिसिसिपीतील विनोना येथे कोठडीत घालून अमानुष मारहाण झाली. १९६५ च्या मतदान-हक्क कायद्याने दक्षिणेतील साक्षरतेच्या परीक्षा स्थगित केल्या. शाळा मात्र १९७० पर्यंत चालू राहिल्या, आणि क्लार्कबाईंच्या हिशेबाप्रमाणे त्यांची संख्या ८९७ पर्यंत गेली होती.

चळवळीच्या पुढाऱ्यांना या संख्येचा अर्थ कितपत उमगला, याविषयी मला शंका आहे. कार्यकारिणीतील पुरुषांना स्त्रीच्या सल्ल्याचे मोल नव्हते, ही तक्रार क्लार्कबाईंनी उत्तरायुष्यात स्पष्टपणे नोंदविली आहे. प्रत्येक मोर्चाच्या अग्रभागी स्वतः न चालता ठिकठिकाणच्या माणसांना आपापले मोर्चे चालविण्याजोगे तयार करावे, असे त्यांनी एका पत्राने किंग यांना सुचविले होते. ते पत्र किंग यांनी सहकाऱ्यांपुढे वाचून दाखविले, तेव्हा मंडळी हसली.