बेगम रुकैयांची हवागाडी

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु माणसाने काय केले याबरोबरच त्याने कशाची स्वप्ने पाहिली, हाही इतिहासच होय. अशाच एका स्वप्नातील वाहनाची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

आकाशात उडण्याची मानवाची हौस जुनी आहे. 1783 मध्ये फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या फुग्यातून माणसे वर गेली. 1852 मध्ये जिफार नावाच्या इंजिनियरने लांबट फुग्याखाली तीन अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन टांगले व पॅरिसपासून सुमारे 27 किलोमीटर प्रवास केला. मग कथालेखकही पुढे सरसावले. ज्यूल व्हर्नने 1886 च्या एका कादंबरीत विजेच्या पंख्यांवर चालणारे जहाजच आकाशात सोडले.

या मालिकेत आपल्या देशातील एका मुस्लिम स्त्रीचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बेगम रुकैया सखावत हुसेन यांचा जन्म 1880 मध्ये बंगालमधील रंगपूर जिल्ह्यात झाला. घरात कडक पडदा होता. मुलींना बंगाली व इंग्रजी शिकण्याची मोकळीक नव्हती. थोरल्या भावाने रात्री, घर निजल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात त्यांना शिकविले. त्याच इंग्रजीत त्यांनी ‘सुलतानाचे स्वप्न’ ही कथा लिहिली. ती 1905 मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये छापली गेली. विमान आपल्या देशात अजून यायचे होते. अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेले ते 1911 च्या फेब्रुवारीत.

कथेतील देशात कारभार स्त्रिया पाहतात व पुरुष घरात असतात. तेथील हवागाडी अशी: एका चौकोनी फळीला दोन बैठका स्क्रूने बसविलेल्या, गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी हायड्रोजनचे दोन गुळगुळीत गोळे, आणि विजेवर फिरणारी पंखासारखी दोन पाती. कळ दाबली की गाडी आधी सहासात फूट वर उठते आणि मग भरारी घेते.

ही गाडी खरोखर उडेल काय? हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हायड्रोजन साधारण 1.1 किलो वजन उचलतो. दोन माणसांचे 110 किलो उचलायचे तर सुमारे 19 फूट व्यासाचा गोळा लागेल. फळीला बसविण्याजोग्या गोळ्यांनी ते काम होणार नाही. पण बेगम रुकैयांनी नावातच ‘स्वप्न’ म्हटले आहे. उलट, 1918 ते 1923 या काळात सांगितलेला ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ प्राचीन ऋषींचा म्हणून पुढे आला. 1974 मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या शास्त्रज्ञांनी तो तपासला. ग्रंथ अलीकडचा असून त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असे त्यांना आढळले. गतवैभवाचा असा मोह प्रत्येक समाजाला पडतो. आपणही त्याला अपवाद नाही. स्वप्नाला स्वप्न म्हटले तर ते पुढे नेते. त्याला इतिहास म्हटले तर माणूस मागेच पाहत राहतो.

कथेत आणखी एक यंत्र आहे. तेथील विद्यापीठातील स्त्रिया ढगांच्या वर एक फुगा बांधून ठेवतात व नळ्यांनी हवेतले पाणी हवे तेवढे खाली घेतात. आमच्या आष्टी तालुक्यातील माणसाला हे वाचून हसू येत नाही. 1972 चा दुष्काळ येथील वडीलधारी मंडळी विसरलेली नाहीत. 2015 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून विमान पाठवून ढगांत रसायने फवारण्यात आली, तेव्हा मला त्या फुग्याचीच आठवण झाली.

मी ही गोष्ट कड्याला आठवीच्या वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, तसला फुगा आपल्या गावावर बांधता येईल का?” मी म्हणालो, “तू शिक आणि बांध.” दिवाळीनंतर ती वर्गात दिसली नाही. घरची मंडळी ऊसतोडीला गेली होती, ती त्यांच्याबरोबर गेली. पुढे तिचे लग्न झाल्याचे कळले. कथेतील राणीचा कायदा असा की, एकवीस वर्षांच्या आत कोणत्याही मुलीचे लग्न व्हायचे नाही. हवागाडीपेक्षा हा कायदाच मला अधिक उंच उडणारा वाटतो.

बेगम रुकैया केवळ स्वप्न पाहून थांबल्या नाहीत. पतीच्या निधनानंतर 1909 मध्ये त्यांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली आणि 1911 मध्ये कलकत्त्यात आठ मुली घेऊन ती पुन्हा सुरू केली. पुढे 1930 मध्ये त्या स्वतः विमानात बसल्या आणि त्या पन्नास मैलांच्या प्रवासावर त्यांनी बंगालीत लेख लिहिला. 9 डिसेंबर 1932 रोजी त्यांचे निधन झाले.

विमान दुसऱ्यांनी बांधले. शाळा मात्र त्यांनी बांधली. आपल्या संस्थेच्या हितचिंतकांना एवढीच विनंती की, दिवाळीनंतर ज्या मुली वर्गात येत नाहीत त्यांच्या घरी आपण जावे. आकाशातला तो फुगा कदाचित त्यांच्यापैकीच एखादी बांधणार असेल.