चेनसॉ सुरू होत नाही? कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवण्याआधी टाकीतलं पेट्रोल बघा

घाटंजी तालुक्यात पऱ्हाटी उपटून झाली की शेतकऱ्यांचं लक्ष धुऱ्याकडे जातं. वाढलेली बाभूळ छाटायची असते, वादळात मोडलेली निंबाची फांदी उतरवायची असते, पावसाळ्याआधी जळतण करून ठेवायचं असतं. मग कोपऱ्यात पडलेला चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची पेट्रोल मशीन, बाहेर निघतो. दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, पण मशीन काही सुरू होत नाही. (धुऱ्यावर साग किंवा मोह असेल, तर मशीनच्याही आधी परवानगी लागते. १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत ही झाडं आहेत आणि स्वतःच्या शेतातल्या झाडांनाही तो कायदा लागू आहे.)

अशा वेळी बहुतेकजण पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवतात. तिथे दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा दोष टाकीत असतो.

पेट्रोल जुनं होतं म्हणजे काय?

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. त्यात ऑइलची वेगळी टाकी नसते; पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देतं. मशीनच्या पुस्तिकेत १:५० लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल आणि १:२५ असेल तर ४० मिली. अंदाजाने झाकणभर ओतणं हा इथला सगळ्यात महाग पडणारा शॉर्टकट आहे.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. चेनसॉच्या बऱ्याच मॉडेलच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर मिश्रण कॅनमध्ये राहिलं आणि पाण्याचं प्रमाण फार वाढलं, तर पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, पेट्रोल आणि ऑइल वर राहतं. टाकीतला फिल्टर तळाशीच असतो, त्यामुळे इंजिनला नेमका तो खालचा, वंगण नसलेला थर मिळतो. शिवाय कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा अशा पेट्रोलने कडक होतो. म्हणून महिन्याहून जुनं मिश्रण असेल तर ते काढून टाका, थोडं ताजं मिश्रण बनवून भरा आणि मगच पुढचं बघा.

कापसाच्या पट्ट्यातली आणखी एक चूक म्हणजे फवारणी पंपातलं उरलेलं पेट्रोल चेनसॉत ओतणं. तो पंप फोर-स्ट्रोक असेल तर त्यातलं पेट्रोल कोरं असतं. त्यावर चेनसॉ मस्त सुरू होतो, चांगला पळतोही, आणि काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो.

दोरी ओढतानाची गफलत

मशीन जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक लावा, मागच्या मुठीत बुटाचा पंजा घाला. हातात लटकवून झटका देऊन सुरू करू नका. थंड मशीनला पूर्ण चोक द्या आणि ओढा. एकदा ‘फट्ट’ असा आवाज येऊन बंद पडेल. तो आवाज आला की चोक अर्ध्यावर आणायचा असतो. इथेच बरेचजण चुकतात: पूर्ण चोकवर ओढत राहतात आणि इंजिनमध्ये पेट्रोल साचतं.

प्लग काढल्यावर ओला निघाला तर हेच झालंय. स्विच बंद करा, मशीन उलटी धरून आठ-दहा वेळा दोरी ओढा, प्लग पुसून परत लावा आणि चोक न देता सुरू करून बघा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर चढतच नाहीये. टाकीतला फिल्टर, नळी आणि शेवटी कार्ब्युरेटर बघा. प्लगचा गॅप सहसा ०.५ ते ०.७ मिमी असतो. ठिणगीची शंका असेल तर नवा प्लग लावून बघणं सोपं आणि स्वस्त.

सुरू होते, पण टिकत नाही

ॲक्सिलरेटर दिला की गुदमरत असेल तर एअर फिल्टर उघडा. बाभळीचा भुसा आणि उन्हाळ्यातली धूळ त्यात घट्ट बसते. दहा मिनिटं चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण सैल केलं की परत चालते? मग टाकीत हवा जायचं छिद्र बुजलंय. हे तपासायला इंजिन थंड होऊ द्या, गरम मशीनचं झाकण उघडलं तर पेट्रोल उडून पेट घेऊ शकतं. मे महिन्याच्या भर दुपारी गरम मशीन बंद केली आणि ती लगेच सुरू होत नसेल, तर तिला सावलीत पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. नळीतल्या पेट्रोलची वाफ झालेली असते.

रेस न देताही चेन फिरत असेल तर काम थांबवा. आयडल जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. अशा मशीनने पाय कापला जाऊ शकतो.

इंजिन ठणठणीत आहे पण लाकूड कापलं जात नसेल, तर खाली पडणारा भुसा बघा. तुकडे पडायला हवेत. पिठासारखी पूड पडत असेल तर चेनची धार गेली आहे, गोल कानस लावा. नवी चेन बसवल्यावरच हे झालं असेल तर ती उलटी बसली असेल. वरच्या बाजूला दातांची धार पात्याच्या टोकाकडे हवी. चेन ऑइल दर वेळी पेट्रोलसोबतच भरा.

दोरी अगदी हलकी, विरोध न होता ओढली जात असेल तर स्विच बंद करून सायलेन्सर काढा आणि आत डोकावून बघा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले, तर प्लग किंवा कार्ब्युरेटर बदलून काही होणार नाही. पिस्टन-सिलिंडर बदलावं लागेल आणि त्याआधी मेकॅनिककडून नव्या मशीनच्या किमतीशी हिशेब जुळवून घ्यावा.