पहारेकऱ्याच्या हातीं किल्ल्या

सन २०२४ च्या जुलै महिन्याची १९ वी तारीख. त्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास आपल्याकडील मोठ्या विमानतळांवर एक विलक्षण देखावा दिसूं लागला. प्रवाशांच्या रांगा दरवाजाबाहेर गेल्या होत्या आणि खिडक्यांशीं बसलेले विमानकंपन्यांचे कारकून बॉलपेननें कागदाच्या चिठ्ठ्यांवर प्रवाशांचीं नांवें व आसनांचे आकडे लिहून देत होते. त्याच घटकेस ऑस्ट्रेलियांतील दुकानें, इंग्लंडांतील दवाखाने आणि अमेरिकेंतील विमानमार्ग ठप्प झाले होते. लंडनमधील एक वृत्तवाहिनी तर कांहीं काळ मुकीच झाली. जेथें पाहावें तेथें संगणकाचा पडदा निळा पडलेला. कोणा शत्रुराष्ट्रानें हल्ला केला असावा अशी शंका प्रथम पुष्कळांस आली. खरें कारण कळलें तेव्हां मात्र हसावें कीं रडावें तें समजेना. चोर कोणी आलाच नव्हता. चोरापासून रक्षण करावें म्हणून ज्याला वर्षासन देऊन ठेविलें होतें, त्या पहारेकऱ्यानेंच घराचे दरवाजे आंतून लावून घेतले होते.

हा पहारेकरी म्हणजे मोठमोठ्या कचेऱ्यांतून बसविलें जाणारें विषाणुप्रतिबंधक सॉफ्टवेअर. याविषयीं तज्ज्ञांचीं मतें पुष्कळ आहेत, आणि बहुतेक विकणारांचीं आहेत. मी संगणकशास्त्राचा अध्यापक नव्हे. इतिहास शिकवून पोट भरणारा मनुष्य आहें. परंतु ज्या संस्थेचा जन्म आपल्या डोळ्यांदेखत झाला, तिचा इतिहास पाहण्याचा मोह इतिहासाच्या अध्यापकास आवरत नाहीं. शिवाय हा पहारेकरी आमच्या कॉलेजांतही आहे, व त्याच्याशीं माझें एकदां चांगलेंच वाजलें आहे. तें पुढें येईल.

प्रारंभींची एक गोष्ट मला फार सूचक वाटते. १९७१ सालीं अमेरिकेंतील बॉब थॉमस या गृहस्थानें एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सरकत जाणारा एक निरुपद्रवी कार्यक्रम तयार केला. त्याचें नांव ‘क्रीपर’. त्याला हुडकून पुसून टाकण्याकरितां रे टॉमलिन्सन यांनीं ‘रीपर’ नांवाचा दुसरा कार्यक्रम लिहिला. हेच टॉमलिन्सन पुढें ई-मेलचे जनक म्हणून प्रसिद्धीस आले. आतां हा रीपर काय करीत असे? तोही कोणाच्या परवानगीवांचून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात असे. म्हणजे चोर आणि शिपाई हे एकाच मातीचे, फरक काय तो हेतूचा. आणि यंत्राला हेतु कळत नाहीं.

या अडचणीचें तर्कशुद्ध रूप १९८३-८४ सालीं फ्रेड कोहेन या विद्यार्थ्यानें दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत मांडलें. ‘व्हायरस’ हें नांव त्याचे गुरु लेनर्ड ॲडलमन यांनीं सुचविलें. कोहेननें असें विचारलें कीं, कोणताही कार्यक्रम समोर ठेवला असतां तो विषाणु आहे कीं नाहीं हें अचूक सांगणारा परीक्षक निर्माण करतां येईल काय? आणि उत्तर दिलें कीं, येणार नाहीं. त्याची युक्ति आमच्या नैयायिकांना आवडली असती. समजा, असा परीक्षक आहे. मग मी एक कार्यक्रम लिहितों, जो प्रथम त्या परीक्षकाला स्वतःविषयींच प्रश्न विचारतो. परीक्षक ‘विषाणु’ म्हणाला तर स्वस्थ बसतो, आणि ‘निर्दोष’ म्हणाला तर पसरूं लागतो. परीक्षक कांहींही म्हणो, तो खोटाच ठरतो. पहारेकरी केव्हां तरी सज्जनाला पकडणार व केव्हां तरी चोराला सोडणार, हें पहिला पहारेकरी बाजारांत येण्यापूर्वींच सिद्ध झालें होतें. त्या मालाच्या जाहिरातींत हें विधान कोणीं वाचलें असल्यास मला अवश्य कळवावें.

१९८६ सालीं लाहोरच्या दोघां अल्वी बंधूंनीं ‘ब्रेन’ नांवाचा विषाणु फ्लॉपीवरून सोडला. गंमत अशी कीं, त्यांत त्यांनीं आपलें नांव, पत्ता व टेलिफोनही घातला होता! तो साथीसारखा देशोदेशीं गेला. १९८७ पासून त्यावर औषधें विकणारे वैद्य निघाले. अमेरिकेंत जॉन मॅकॅफी यांनीं आपला कार्यक्रम टेलिफोनच्या तारेवरून मोफत वाटला, पण व्यापारी कंपन्यांनीं मात्र परवान्याचे पैसे भरावे अशी अट ठेविली. माझ्या मतें या अटींतच पुढचा सर्व इतिहास बीजरूपानें आहे. घरच्या माणसाकडून मिळते ती कीर्ति. पैसा मिळतो तो कचेरीकडून. पीटर नॉर्टन यांची कथा याहून मौजेची. १९८८ सालीं त्यांनीं संगणक-विषाणूंची संभावना न्यूयॉर्कच्या गटारांतील मगरींसारखी एक दंतकथा म्हणून केली होती; आणि १९९१ सालीं त्यांच्याच नांवानें ‘नॉर्टन अँटिव्हायरस’ दुकानांत आलें. दंतकथेवरचें औषध तेव्हांपासून फार खपलें आहे.

१९९२ च्या मार्च महिन्यांतील ‘मायकेलअँजेलो’ प्रकरण या धंद्याची मुंजच म्हणावयाची. ६ मार्च रोजीं हा विषाणु जागा होऊन लक्षावधि यंत्रें नष्ट करील असा गाजावाजा झाला. मॅकॅफी यांच्या तोंडीं पन्नास लक्षांचा आकडा होता. प्रत्यक्ष हानि कांहीं हजारांपलीकडे गेली नाहीं. पण त्या भीतीनें कार्यक्रम मात्र धडाक्यानें विकले गेले, आणि त्याच वर्षीं मॅकॅफींच्या कंपनीचे भाग बाजारांत आले. भीति सर्वस्वीं खोटी होती असें मी म्हणत नाहीं. खरी भीति आणि फुगविलेली भीति यांचा बाजार एकच असतो, एवढेंच.

ते दिवस मला आठवतात. पुण्यांत विद्यार्थी असतांना मित्राकडून फ्लॉपी आणली कीं, तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावावयाची, म्हणजे तिच्यावर कोणास कांहीं लिहितां येत नसे. हाच आमचा सोंवळेपणा. त्याच सुमारास पुण्यांत कैलास काटकर हे गणनयंत्रांची दुरुस्ती करीत करीत संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले होते. गिऱ्हाइकांचीं यंत्रें पुनःपुन्हा त्याच रोगानें आजारी पडून येत. म्हणून त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं त्यावर कार्यक्रम लिहिले. १९९५ च्या सुमारास निघालेलें ‘क्विक हील’ तें हेंच. २००७ सालीं कंपनीनें तेंच नांव धारण केलें आणि २०१६ सालीं ती शेअरबाजारांत आली. मराठी माणसाचा धंदा म्हणून मी हें अभिमानानें सांगतों खरें, परंतु मुद्दा निराळा आहे. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेल्या औषधाला रोगी समोर दिसत असे. यंत्र बरें झालें नाहीं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीं दारांत उभें! कचेऱ्यांसाठीं जें औषध पुढें जगभर निघालें, त्याला हें भाग्य लाभलें नाहीं.

कारण कचेरींत विकत घेणारा एक आणि भोगणारा दुसरा. १९९९ चा ‘मेलिसा’, २००० चा ‘आय लव्ह यू’, २००३ चे ‘स्लॅमर’ व ‘ब्लास्टर’ या लागोपाठ आलेल्या साथींनीं कंपन्यांना धडकी भरली, आणि प्रत्येक यंत्रावर सुटा पहारेकरी बसविण्याऐवजीं सर्व पहारेकऱ्यांना एका जागेवरून हुकूम देण्याची व्यवस्था झाली. व्यवस्थापकाच्या पडद्यावर हिरवे-तांबडे ठिपके दिसूं लागले. तेव्हांपासून मालाची परीक्षा होते ती त्या पडद्यावरून. अहवाल सुबक निघतो काय, लेखापरीक्षकाच्या प्रश्नावलींतील चौकटींत खूण करतां येते काय, हें पाहिलें जातें. टेबलाशीं बसलेल्या कारकुनाचें यंत्र किती रखडतें हें त्या पडद्यावर दिसत नाहीं.

हें मी ऐकून लिहीत नाहीं. आमच्या कॉलेजच्या खरेदीसमितीवर मी सहा वर्षें आहें. तीन ठिकाणचीं कोटेशनें मागवावयाचीं, सर्वांत कमी भावाचें घ्यावयाचें, आणि कार्यवृत्तावर सह्या करावयाच्या, ही आमची पद्धति. एके वर्षीं आणलेला पहारेकरी (त्याचें नांव सांगत नाहीं) परीक्षाविभागांत गुण भरण्याच्या अखेरच्या दिवशीं भर अकरा वाजतां सर्व यंत्रांची झडती घेऊं लागला. यंत्रें गोगलगायीच्या गतीनें चालूं लागलीं तें एक असो. पण दुपारीं त्यानें गुण भरण्याचा आमचा कार्यक्रमच संशयित ठरवून कैदेंत टाकला. मी विक्रेत्याच्या प्रतिनिधीस टेलिफोन केला. तो तरुण मोठ्या नम्रतेनें म्हणाला, “सर, म्हणजे प्रॉडक्ट व्यवस्थित काम करतंय.” आमचे हेडक्लार्क रात्रीं साडेनऊपर्यंत बसून हातानें तक्ते लिहीत होते. झडतीची वेळ रात्रींची ठेवणें कोणाच्याही हातचें होतें. पण ती कोठें ठरवितात हें पाहण्याची बुद्धि समितींतील आम्हां पांचांपैकीं एकालाही झाली नव्हती. म्हणून सगळा दोष विक्रेत्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

आतां मुख्य प्रश्नाकडे येतों. पहारेकऱ्याला घरांत कोठवर शिरूं द्यावें? संगणकाच्या अगदीं गाभ्यांत, ज्याला ‘कर्नल’ म्हणतात, तेथें बसलेल्या कार्यक्रमास सर्व दिसतें व सर्व करतां येतें. पण तेथें त्याचा पाय घसरला तर सबंध यंत्र कोसळतें. २००६ सालीं ‘व्हिस्टा’ आणतांना मायक्रोसॉफ्टनें आपल्या नव्या यंत्रणेंतील हा गाभारा इतरांस बंद करण्याचा घाट घातला. त्यावर सिमँटेक व मॅकॅफी या कंपन्यांनीं युरोपांत मोठा ओरडा केला. मायक्रोसॉफ्ट स्वतःच पहारेकरी विकूं लागली होती, तेव्हां त्यांच्या तक्रारींत अर्थ नव्हता असें नाहीं. २००९ सालीं मायक्रोसॉफ्टनें युरोपीय आयोगास वचनें दिलीं, आणि आपणांस गाभारा मिटतां आला नाहीं तो या वचनामुळें, असें ती कंपनी २०२४ च्या अपघातानंतर म्हणूं लागली. या वादांत दोन्ही पक्ष स्वार्थी होते. ग्राहकाचा वकील मात्र कोणी नव्हता.

पहिला मोठा इशारा २१ एप्रिल २०१० रोजीं मिळाला. मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या नव्या यादीनें विंडोज एक्सपीचा एक अत्यावश्यक भागच विषाणु समजून उचलला, आणि कचेऱ्यांतील यंत्रें पुनःपुन्हा बंद पडूं लागलीं. ऑस्ट्रेलियांत एका मोठ्या दुकानसंस्थेला आपलीं कांहीं दुकानें बंद ठेवावीं लागलीं. कोहेननें सांगितलेली पहिली चूक ती हीच, सज्जनाला पकडण्याची. त्या वेळीं मॅकॅफीचे मुख्य तंत्राधिकारी जॉर्ज कर्ट्झ हे होते. पुढच्याच वर्षीं त्यांनीं नवी कंपनी काढण्यांत पुढाकार घेतला. जुने पहारेकरी याद्या घेऊन बसतात, आम्ही चोराची चाल ओळखतों, असा तिचा दावा होता आणि तो बऱ्याच अंशीं खराही होता. त्या कंपनीचें नांव क्राउडस्ट्राइक.

१९ जुलै २०२४ रोजीं आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं तिनें एक छोटी फाईल जगभर पाठविली. पहारेकऱ्याला त्या फाईलप्रमाणें एकवीस गोष्टी तपासावयाच्या होत्या. प्रत्यक्षांत त्याच्या हातीं वीसच दिल्या जात होत्या. एकविसावी शोधायला तो जेथें पाऊल ठेवूं नये तेथें गेला, आणि गाभाऱ्यांत असल्यामुळें यंत्रासह कोसळला. अष्टयाहत्तर मिनिटांत कंपनीनें ती फाईल मागें घेतली. पण मूर्च्छित यंत्राला औषध पाजणार कसें? एकेका यंत्रापाशीं मनुष्य जाऊन ती फाईल हातानें पुसावी लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें पंचायशीं लक्ष यंत्रें बंद पडलीं. विंडोजच्या एकंदर यंत्रांच्या शेंकडा एकाहूनही कमी. डेल्टा या एकाच विमानकंपनीचीं पांच दिवसांत सुमारें सात हजार उड्डाणें रद्द झालीं. शेंकडा एकाच्या आंत असूनही जग थांबलें, कारण तो एक टक्का विमानें, बँका व दवाखाने यांचा होता. ज्यांना सर्वांत महागडा पहारेकरी परवडत होता, तेच पडले. आमच्या कॉलेजचीं यंत्रें त्या दिवशीं नेहमींच्याच रडतखडत गतीनें सुरळीत चाललीं होतीं.

यावरून पहारेकरीच नको असें म्हणणारे लोक भेटतात. त्यांच्याशीं माझें पटत नाहीं. अँटिव्हायरस मेलें, असें २०१४ सालीं खुद्द सिमँटेकच्याच एका अधिकाऱ्यानें म्हटलें होतें. पण तें तर अजून विकलें जातें, आणि त्याच्यावांचून कचेरी चालविण्याचें धाडस मी तरी कोणास सुचविणार नाहीं. २०१७ च्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’नें इंग्लंडांतील सरकारी दवाखाने बंद पाडले, तेव्हां त्यावरची दुरुस्ती मार्चपासून उपलब्ध होती; ती लावण्याचें काम पहारेकऱ्याचें नव्हे, घरधन्याचें होतें. माझी तक्रार निराळी आहे. नवा शिपाई ठेवतांना आम्ही त्याचा पगार विचारतों, त्याच्या हातीं कोणत्या किल्ल्या देणार हें विचारीत नाहीं. त्या अपघातानंतर क्राउडस्ट्राइकनें नव्या फायली टप्प्याटप्प्यानें पाठविण्याचें व त्या केव्हां घ्याव्या याचा अधिकार ग्राहकास देण्याचें कबूल केलें. आणि मायक्रोसॉफ्टनेंही पहारेकऱ्यांना गाभाऱ्याबाहेर काम करतां यावें असा मार्ग बांधावयास घेतला. २००६ सालीं ज्यावर भांडण झालें, त्याच ठिकाणीं सर्व मंडळी पुन्हा येऊन बसलीं आहेत.

आमच्या समितीची बैठक दर मार्चांत असते. गेल्या खेपेस मीं तिन्ही विक्रेत्यांना एकच प्रश्न लेखी विचारला कीं, तुमची नवी यादी सर्व यंत्रांवर एकदम येते, कीं आधीं दोनचारांवर येऊन मग इतरांवर? एकानें रंगीत माहितीपत्रक पाठविलें. दुसऱ्यानें भाव तीनशें रुपयांनीं कमी केला. तिसऱ्यानें मुख्य कचेरीस विचारून कळवितों असें सांगितलें. त्याचें उत्तर अजून यावयाचें आहे. हेडक्लार्कांनीं मात्र गुणपत्रिकांच्या छापील कोऱ्या तक्त्यांचे दोन गठ्ठे मागवून कपाटांत ठेविले आहेत.